झाडे सरांच्या लवंगा

वर्ध्याजवळच्या आमच्या सेलूत सगळ्यात शुद्ध मराठी कुठे बोलली जाते असं कोणी विचारलं, तर मी माझ्या दुकानापुढच्या बाकाकडे बोट दाखवतो. तिथे बसलेला माणूस मार्केट म्हणत नाही, बाजार म्हणतो. टाइम म्हणत नाही, वेळ म्हणतो. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याने त्या बाकावर बसून 'गतिरोधक' हा शब्द काढला, तेव्हा तूरडाळ तोलता तोलता माझा हात थांबला होता. यात भाषेच्या अभिमानाचा काही संबंध नाही. बाकाच्या डाव्या टोकाला झाडे सर बसतात, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द तोंडातून काढायची कोणाची छाती होत नाही, एवढंच कारण आहे.

माझं किराणा दुकान आहे, बसस्टँडकडून बाजाराकडे जाताना. बाक मी गिऱ्हाइकांसाठी टाकला होता. त्याच्यावर गिऱ्हाईक सोडून बाकी सगळे बसतात. झाडे सर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. मूळचे श्यामजी पंताच्या तळेगावचे, पण नोकरी इथे झाली आणि निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिले. मी त्यांचा विद्यार्थी. आता माझे केस पिकले तरी ते मला गजूच म्हणतात, आणि मला त्यांच्यापुढे एखादं इंग्रजी वाक्य बोलायचं असलं तर मी गल्ल्यावरून उठून उभा राहतो. नको म्हटलं तरी पाय उठतातच.

सरांची स्वतःची मराठी मात्र अस्सल वऱ्हाडी. मले, तुले, काऊन, कायले, सगळं. इंग्रजीत एवढे काटेकोर आणि मराठीत असे मोकळे कसे, हे मी एकदा विचारलं होतं. त्यावर म्हणाले, "मराठी घरची हाय बावा. घरच्या माणसाले कशीही हाक मारली तरी येते. इंग्रजी पाहुणी हाय. पाहुण्याचं नाव नीट घ्या लागते."

ते चिडत नाहीत, हे खरं संकट आहे. चिडले असते तर लोक भांडून मोकळे झाले असते. सर नुसते डोळे मिटतात, दाढ ठणकल्यासारखा चेहरा करतात आणि हळूच म्हणतात, "पुन्हा म्हण." समोरच्याला कुठे चुकलं ते कळलेलं नसतं. तो तेच जरा मोठ्याने म्हणतो. सर पुन्हा डोळे मिटतात. असं होता होता माणूस शेवटी मराठीवर येतो आणि सुटतो.

सगळ्यात जास्त सोसलं ते दिलीपने. माझ्या शेजारी त्याचं मेडिकल आहे, आणि बिचाऱ्याचा सगळा मालच इंग्रजी. ऑइंटमेंट म्हटलं तरी फसतो, टॅब्लेट म्हटलं तरी फसतो. रिसीट या शब्दात लिहिताना पी असतो आणि बोलताना नसतो, हे कळल्यापासून तर त्याची झोप उडाली होती.

"लिहितात तर म्हणत काऊन नाई, सर?"

"काऊन नाई विचाराचं," सर म्हणाले. "वापर हाय."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. इंग्रजीतले सगळे 'काऊन' इथे येऊन संपतात. वेन्झडेमधला डी कुठे गेला? वापर हाय. ऑफन म्हणायचं का ऑफ्टन? दोन्ही वापर हाय, पण मी ऑफन म्हणतो. शब्द कसा बोलायचा हे कुठल्या पुस्तकाने ठरवलं नाही, बोलणाऱ्यांनी ठरवलं, पुस्तकवाले मागून आले, असं ते समजावून सांगायचे. मग दिलीपने एकदा चांगलाच पेच टाकला.

"सर, अख्खं सेलू 'व्हे-जि-टे-बल' म्हणते. मंग तो वापर नाई काय?"

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, "सेलूचा वापर धरत नाई."

दिलीपने पुढे मोबाइल आणला. त्यात शब्द टाकला की एक बाई तो बोलून दाखवते. तिने शेड्यूलला 'स्केजूल' म्हटलं. दिलीप जिंकल्याच्या थाटात मोबाइल सरांच्या कानाशी धरून उभा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, बाईंचं अमेरिकन फार छान आहे म्हणाले, आणि त्याला विचारलं, "पण हे बाई बोलली. तू कधी बोलशीन?"

त्यांच्याकडे शंका घेऊन येणारेही पुष्कळ. मुलाखतीला जाणारी पोरं यायची. लग्नपत्रिका छापायच्या आधी लोक कच्चा कागद दाखवायला यायचे. एक गृहस्थ पेढे घेऊन आले, मुलगा इंजिनिअरिंग 'पासआउट' झाला म्हणून. सरांनी पेढा घेतला, आणि काळजीने विचारलं, "पासआउट म्हणजे चक्कर येऊन पडला. आता बरा हाय ना?" गृहस्थ घाबरून घरी फोन लावायला निघाले होते.

आणि पुरुषोत्तमचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचे सासरे गेले. तो बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "सर, आमचे सासरे एक्स्पायर झाले." सरांना खरंच वाईट वाटलं. म्हातारा त्यांच्या ओळखीचा. त्यांनी पुरुषोत्तमचा हात दोन्ही हातांत घेतला, त्यांचे डोळे भरून आले, आणि तशा भरल्या डोळ्यांनी ते म्हणाले, "फार सज्जन माणूस. पण एक्स्पायर दवाई होते, पुरुषोत्तम. माणूस नाई होत." मागे उभा असलेला दिलीप धंद्यातला माणूस म्हणून मान हलवत होता.

सगळ्या सेलूत या माणसाला न जुमानणारी एकच व्यक्ती होती, ती त्यांच्या घरात. कमलकाकू. काकू दिवसभर बोलायच्या. भाजीवाल्याशी, गाईशी, शेजारणीशी, कोणी नसलं तर कुकरशी. टीव्हीच्या रिमोटला त्या 'निमूट' म्हणत. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी निमूटच. सर रिमोट हातात धरून बसायचे, नीट म्हटल्याशिवाय देणार नाही म्हणून. काकू उठायच्या, टीव्हीचं बटण बंद करायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. बातम्या सरांच्याच बुडायच्या. फारच मागे लागले तर काकू विचारायच्या, "चाय प्याची हाय, का बरोबर बोलाचं हाय?" सर चहा घ्यायचे.

मागच्या थंडीत काकूंना लकवा मारला. सकाळी अंगण झाडता झाडता बसल्या त्या उठल्याच नाहीत. माझ्या गाडीतून आम्ही त्यांना वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी घाबरून काहीबाही बोलत होतो, त्यात इंग्रजी शब्द ढीगभर आले असतील. सरांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. तेव्हा मला प्रकरणाची खरी भीती वाटली.

काकू वाचल्या. पाय चालू लागला, हातही बऱ्यापैकी आला. बोलणं मात्र गेलं होतं. सगळं कळत होतं, पण शब्द निघत नव्हता. निघाला तर भलताच निघायचा. बोलणं शिकवणारी एक तरुण बाई तिथे होती. घरी सोडताना तिने सरांना समोर बसवलं. म्हणाली, "काका, यांच्याशी खूप बोला. यांना बोलू द्या. शब्द चुकला तर चुकू द्या, दुरुस्त करू नका. टोकलं की पेशंट लाजतात, आणि लाजून गप्प बसले की मग बोलणं परत आणणं फार कठीण जातं. पुढचे काही महिने महत्त्वाचे आहेत. तुम्हाला जमेल ना?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो.

ही गोष्ट मी बाकावर सांगितली, आणि पहिल्यांदाच तिथे कोणी हसलं नाही. सरांना न टोकता दिवस काढता येईल, हे कोणाला पटत नव्हतं. "बाई लकव्यातून वाचली," दिलीप म्हणाला, "आता सरांतून वाचली पाह्यजे." बोलला थट्टेनेच, पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. काकूंनी त्याच्या आईच्या आजारपणात महिनाभर डबा पुरवला होता.

सर बाकावर यायचे बंद झाले. सामान न्यायला यायचे तेवढे, घाईघाईत. आणि आले की लवंगा मागायचे. आधी थोड्या नेल्या. मग परत आले आणि चांगली मूठभर नेली. मग पुडी नको, डबीच भरून दे म्हणाले. लवंग अशी कोणी नेत नाही. मी विचारलं, "सर, बिर्याणी चालू हाय का घरी?" नाही म्हणाले. दिलीपने दातावरचं औषध पुढे केलं आणि वर्ध्याचा एक दातांचा डॉक्टरही सुचवला. "दात चांगले हाय माहे," सर म्हणाले आणि डबी खिशात घालून निघाले.

इकडे बाकावर इंग्रजीचा सुकाळ झाला. लोक मोकळेपणाने व्हेजिटेबल म्हणायला लागले. ट्रॅक्टरवाला स्पीडब्रेकर म्हणायला लागला. एकाच्या सासऱ्याचा मित्र एक्स्पायर झाला, तो बिनतक्रार एक्स्पायर झाला. पण कोणी चुकीचा शब्द बोललं की बाकीच्यांची नजर डाव्या टोकाकडे जायची, आणि तिथे मोकळी फळी दिसायची. मला सरांची फार आठवण यायची. दुकान चालवणाऱ्या माणसाने दिवसभर लोकांचं ऐकायचं असतं. ऐकण्यात गोडीच राहिली नव्हती.

शेवटी महिन्याचं सामान पोचवायच्या निमित्ताने मीच त्यांच्या घरी गेलो. अंगणात उन्हात दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काकू डाव्या हाताने सोलत होत्या, उजवा हात साथीला. मला पाहून हसल्या. तोंड हललं, थांबलं, पुन्हा हललं.

"गज्जा," त्या म्हणाल्या. "ताय? ताय... घे."

चहा विचारत होत्या. माझी नजर आपसूक सरांकडे गेली. त्यांनी डोळे मिटले होते. चेहरा दाढ ठणकल्यासारखा झाला होता. आता 'पुन्हा म्हण' येणार, असं वाटून मी जागेवरच आकसलो. सरांचा हात खिशात गेला, डबीतून एक लवंग निघाली, तोंडात पडली, आणि कडकन चावली गेली. मग डोळे उघडून ते काकूंकडे पाहून म्हणाले, "बरोबर. घेईन ना तो."

मी बसलो तेवढ्या वेळात त्यांनी लवंगा किती खाल्ल्या ते देवालाच माहीत. काकू शब्द शोधत. शब्द अर्धाच येई, कधी उलटा येई. सर डोळे मिटत, चावत, आणि "बरोबर" म्हणत. सगळ्या अंगणाला लवंगेचा वास येत होता. त्यांची जीभ भाजून निघाली असणार.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "जुनी सवय हाय, गजू," म्हणाले. "जिभेवर येतेच. मंग तिले कामाले लावतो."

"काकू बऱ्याच बोलतात की आता."

"माह्याशी बोलते. बाहेरचं माणूस आलं का तोंड उघडत नाई. तू घरचा म्हणून तुह्याशी बोलली. ते दवाखान्यातली पोरगी म्हणते, बाहेर न्या, चारचौघात बोलू द्या. कमलच येत नाई. लोक हसतीन म्हणते."

तेवढ्यात अंगणातून काकूंनी हाक मारली, "नादेव."

मला क्षणभर कळलंच नाही कोणाला बोलावतात. सरांचं नाव नामदेव. सेलूत त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नाही, आणि काकूंनी तर जन्मभर "आयकलं का" यापलीकडे मजल नेली नव्हती. नाव घ्यायचं ते लग्नाकार्यात उखाण्यात, तेही पदर सावरून.

"आयकलं का, हे येतच नाई आता तिले," सर म्हणाले. "पयला शब्द आला तो हाच. नाव घेते माहं." आणि ते घाईने आत गेले. खिशाकडे त्यांचा हात गेला नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी सर दुकानात आले आणि गल्ल्यावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "उद्या कमलले घेऊन येतो. गोरसपाक ती स्वतः मांगन. मी बोलणार नाई, तूही घाई करू नको. अन् बाकावर सांगजो नको. लोक टक लावून पाहतीन."

गोरसपाक म्हणजे आमच्या वर्ध्याकडचं तुपातलं बिस्कीट. काकूंच्या चहासोबत ते लागतंच. मी डबा पुसून समोर काढून ठेवला. सकाळपासून माझं कशात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ तोलून दिलं.

ऑटो आला. सरांनी काकूंना हात दिला. काकू नवी साडी नेसून आल्या होत्या. बाकावर चारदोन जण होते, ते उठून उभे राहिले. काकू काउंटरला धरून उभ्या राहिल्या. डब्याकडे पाहिलं. तोंड हललं. सर दोन पावलं मागे, हात मागे बांधून उभे. मी कुठेतरी भलतीकडे पाहिल्याचं सोंग करत होतो.

"गज्जा," काकू म्हणाल्या. "पाव... पावबर... गोपाक."

आला. पूर्ण आला. मी डब्याचं झाकण काढणार, तेवढ्यात सुट्ट्यासाठी आलेला दिलीप पुढे झाला. काकू बोलल्या याचा त्याला एवढा आनंद झाला होता की बिचाऱ्याला भान राहिलं नाही.

"काकू, गोरसपाक पाह्यजे काय?" तो लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला. "गो-रस-पाक. पुन्हा म्हणा."

बाकावरचा एक जण हसला. वाईट हसला नाही, कौतुकाने हसला. पण काकूंचा चेहरा पडला. त्यांनी मान खाली घातली, आणि डाव्या हाताने पदर ओढून तोंडावर धरला. मला दिलीपचा असा राग आला की हातातलं माप त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. एवढ्या महिन्यांची मेहनत माझ्या काउंटरवर वाया चालली होती.

मी सरांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. तोच चेहरा. हात खिशात गेला. मग तो रिकामाच बाहेर आला.

"दिलीप," सर म्हणाले. तो आवाज मी शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. "उभा राय."

दिलीप उभाच होता. तो आणखी सरळ झाला.

"गोपाक म्हण."

"सर, पण ते तं गोरस—"

"गोपाक."

"काऊन सर?"

"काऊन नाई विचाराचं. वापर हाय."

"कुठचा वापर?"

"सेलूचा."

दिलीप गोंधळला. इतकी वर्षं मार खाल्लेला माणूस, तो सहज कसा सोडेल. "सेलूचा वापर तं तुम्ही धरत नाई ना, सर?"

"आजपासून धरतो," सर म्हणाले. "पुन्हा म्हण."

दिलीपने सरांकडे पाहिलं, मग पदराआडच्या काकूंकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. "गोपाक," तो म्हणाला.

"गोपाकच म्हणतात," मागून ट्रॅक्टरवाला म्हणाला. हसलेला माणूसही घाईघाईने म्हणाला, आमच्या घरी तर पहिल्यापासून गोपाक म्हणतात. मी काटा सरळ केला आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "काकूले पावभर गोपाक."

काकूंनी पदर हळूच खाली केला. काट्याकडे पाहिलं. मग सगळ्या बाकाकडे एकदा पाहून घेतलं.

"पाव नाई," त्या म्हणाल्या. "अदा. अदा किलो."

माझ्या तोंडात 'अर्धा' आला होता. मी तो गिळला. "अदा किलो," म्हणालो, आणि तोलून झाल्यावर वर दोन जास्तीचे टाकले. काकू त्यावर काहीतरी बोलल्या, ट्रॅक्टरवाल्याला पोराबाळांचं विचारलं, दिलीपच्या आईचं विचारलं. शब्द मोडके होते, पण आता थांबत नव्हत्या. ऑटोवाला दोनदा हॉर्न वाजवून कंटाळला.

शेवटी त्या ऑटोत जाऊन बसल्या आणि सगळ्या बाजाराच्या देखत हाक मारली, "नादेव, चाल."

"आलो," सर म्हणाले.

मी काउंटरवरून वाकून विचारलं, "सर, लवंगा देऊ का? डबी सरली असन."

"नको बावा," सर पिशवी उचलत म्हणाले. "लय तिखट लागते."